दॉन सिप्रियान गोड बोलतात

"मधाचं बोट लावलं ना, की मेलेला बैलसुद्धा नांगर ओढतो! बघच तू!" दॉन सिप्रियाननी सोमवारी सकाळी बायकोला ऐकवलं.

मिलादिसचं सगळं लक्ष तांदूळ निवडण्यात होतं. आदल्याच दिवशी ला पालमिता गावाचा बेसबॉल संघ अवघ्या एका रननं हरला होता, आणि कोच दॉन सिप्रियाननी मैदानावर अशा शिव्या हासडल्या होत्या की शेजारच्या परसातल्या कोंबड्या अजून खुराड्याबाहेर यायला तयार नव्हत्या!

खरी काळजी दोघांची होती. पिचर नेल्फीचा चेंडू कुठेही जायचा, फक्त जायला हवा तिथे जायचा नाही. आणि वान्देल! एके काळचा गावचा वाघ. आता त्याच्या बॅटचं आणि चेंडूचं जणू सात पिढ्यांचं वैर! पोरं खचलीत, त्यांना मायेनं घ्यायचं, असं दॉन सिप्रियाननी ठरवलं.

सरावाला आल्या आल्या त्यांनी नेल्फीच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, जमेल तसं टाक. हरणं-जिंकणं काय, शेवटी सगळं इथंच राहतं."

'बाळा' ऐकून नेल्फी जागच्या जागी गार!

मग त्यांनी वान्देलला आपली जुनी, जिवापाड जपलेली बॅट दिली. "ठेव तुला. आता मला काय करायचीय?"

वान्देलचे डोळे भरून आले. 'मात्रा लागू पडली!' दॉन सिप्रियान मनातल्या मनात खूश.

दुसऱ्या दिवसापासून मात्र गावाला काय झालं, त्यांना कळेना. न्हाव्यानं दाढी करता करता हुंदका दिला. शेजारीण कोंबडीचं सूप घेऊन आली आणि त्यांच्याकडे बघत एप्रनआड नाक शिंकरून गेली. चर्चच्या पाद्रीबाबांनी तर रस्त्यात हात धरला.

"सिप्रियान, मनात काही ठेवू नकोस. मी कधीही येईन."

"या की! कॉफी प्यायला या!"

"केवढं हे धैर्य!" पाद्रीबाबा पुटपुटले.

रविवारी सामना. नेल्फी पाणावल्या डोळ्यांनी चेंडू टाकत होता. त्याला धड दिसतच नव्हतं. तरी सामना अटीतटीचा झाला. शेवटचा डाव, संघ एका रननं मागे, एकच गडी बाद व्हायचा राहिलेला, आणि बॅट वान्देलच्या हातात! चेंडू आला. फाऽट! थेट कुंपणापर्यंत!

"धाव रे, माझ्या राजा, धाव!" तिसऱ्या बेसजवळ उभे असलेले दॉन सिप्रियान ओरडले.

वान्देल धावला. पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस... आणि तो बेस सोडून सरळ दॉन सिप्रियानच्या गळ्यातच पडला!

"हा फटका तुमच्यासाठी, कोच! आता सुखानं डोळे मिटा!"

मागून आलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूनं शांतपणे त्याच्या पाठीला चेंडू टेकवला. बेसवर पाय नाही, म्हणजे बाद! सामना गेला. पुन्हा एका रननं!

दॉन सिप्रियाननी डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. मग तोंडाचा पट्टा सुटला तो असा, की कुंपणावरची पोरं टपाटप खाली पडली!

"गाढवा! बैला! नारळाच्या करवंटीत तुझ्याहून जास्त मेंदू असेल! डोळे कोण मिटतंय? कुणाचे? का?"

सगळा संघ थबकला. मग नेल्फी किंचाळला, "शिव्या देतायत! अरे, कोच धडधाकट आहेत! मरत नाहीयेत!"

हरलेला संघ नाचायला लागला. जिंकलेले बिचारे पंचांना विचारायला गेले, नक्की कोण जिंकलं म्हणून!

दॉन सिप्रियान तणतणत प्रेक्षकांत बसलेल्या बायकोकडे गेले. "ऐकलंस? चार शब्द गोड बोललो, तर गावानं मला तिरडीवर बांधलं! तू तरी सांगायचंस की नाही लोकांना?"

मिलादिस खाली मान घालून आपल्या नव्याकोऱ्या काळ्या झग्याची चुणी सारखी करत म्हणाली, "मी काय सांगणार? मंगळवारी तुम्ही मला म्हणालात, 'भात छान झालाय.' मी त्याच दिवशी कापड आणलं!"