दहा मिनिटांचा पिझ्झा

पुरुषाने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की घराची संस्कृती एकदम उंचावते, हे आता सर्वमान्य झालं आहे. बाई रोज आत जाते तेव्हा नुसतं जेवण तयार होतं.

या घरातल्या बाईची कंबर धरली होती. वाकायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवरा पाणीपुरवठा कार्यालयात अधीक्षक. आदेश काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. रविवारी सकाळी त्याने जाहीर केलं, की आज बायको स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही. दुपारी बाजारच्या ब्रेडवरचा पिझ्झा, आणि तो स्वतः करणार. फोनवरच्या व्हिडिओत त्याला दहा मिनिटं लागत होती. प्रसंगाला साक्षीदार हवेत म्हणून त्याने बहिणीला बोलावून घेतलं. (आई घरातच होती, तिला वेगळं बोलवावं लागलं नाही.)

बाईचे डोळे खरोखर भरून आले. ती बाहेरच्या खोलीत पाठीशी उशी घेऊन बसली.

थोड्याच वेळात आतून चौकश्या येऊ लागल्या. ढोबळी मिरची कुठे असते? किसणी ही की ती? आणि मिरची चिरायची कशी, कारण व्हिडिओत ती चिरलेलीच येते. बाईने बसल्या जागेवरून सांगून पाहिलं. शेवटी नवऱ्याने सुरीसकट सगळा पसारा तिच्या मांडीवरच आणून ठेवला. बंदी पायांना होती, हातांबद्दल आदेशात काहीच म्हटलं नव्हतं. तिने कांदे चिरले, मिरच्या चिरल्या, मक्याचे दाणे सोडवले, चीज किसलं. (ही पूर्वतयारी. ती दहा मिनिटांत धरत नाहीत.)

मग नवऱ्याने ब्रेडला सॉस फासला, बहिणीच्या हाती फोन दिला आणि चिरलेलं सगळं हात उंच करून भुरभुरलं. हात उंच ठेवणं हा या पदार्थाचा प्राण आहे. निम्मं ब्रेडवर पडतं, निम्मं जमिनीवर, पण चित्र फार सुरेख येतं. तवा फार तापला होता. ब्रेड खालून कोळसा झाला. वरचं चीज मात्र ढिम्म हललं नाही.

सगळ्यांनी खाल्लं. सासूबाईंनी करपलेला भाग ताटाच्या कडेला काढत, आपल्या मुलाच्या हाताला लहानपणापासूनच चव असल्याचं सांगितलं. नणंद म्हणाली, "वहिनी, नशीब काढलंत. आमच्याकडे पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यावा लागतो." छान झालाय, असं बाईही म्हणाली. न म्हणून सांगते कोणाला?

नवऱ्याने तव्यात पाणी ओतलं, "भिजू दे जरा" म्हणाला आणि आडवा झाला. (भांडी घासण्याच्या पुरुषी पद्धतीत ही पहिली पायरी. दुसरी अजून कोणी पाहिलेली नाही.) सासूबाईंनी तव्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. नणंदेनेही तसंच केलं.

"मला वाकायची मनाई आहे," बाई म्हणाली.

"अगं, बेसिनशी वाकावं लागतंच कुठे?" सासूबाई मायेने म्हणाल्या.

"उभं राहायचीही मनाई आहे. शिवाय आज मला आत पाय ठेवायचा नाहीये."

नणंदेला घरची कामं आठवली आणि ती निघाली. तवा भिजत राहिला. सोमवारी पाण्याला तांबूस रंग आला, मंगळवारी वास. घासण्याचा प्रश्न कोणाच्या अखत्यारीत येतो, हे ठरत नव्हतं. अखेर नवऱ्याने धडाडीने निर्णय घेतला. त्याने नवा तवा विकत आणला.

दरम्यान 'बायकोला सुट्टी' या मथळ्याखालचा तो व्हिडिओ गावभर फिरला होता. कितीतरी बायकांनी तो आपापल्या नवऱ्यांना दाखवून टोमणे मारून घेतले.

सुट्टी मात्र एकाच दिवसाची मंजूर होती. नवा तवा आला त्या संध्याकाळीही बाई कंबरेला पट्टा आवळून ओट्याशी उभी राहिली. नवरा दारात येऊन काळजीने म्हणाला, "याला जोरात घासू नकोस हं, लगेच खराब होतो."

वाचकाला या नवऱ्याचा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. मात्र आपण हे सगळं इतक्या निवांतपणे बसून वाचू शकलात, त्या अर्थी आपल्या स्वयंपाकघरात आत्ता कोणीतरी उभं असणार. त्यांना आमचा नमस्कार सांगावा. त्यासाठी उठायची गरज नाही, बसल्या जागेवरून हाक मारली तरी त्या येतील.