गडदर्शन हाइट्समधला फुकटचा फूट

हौशीराम तिकोने यांच्यासारखा गुप्तहेर मावळ तालुक्यात दुसरा नव्हता, हे खुद्द हौशीराम तिकोनेच शपथेवर सांगायचे. मुळात पहिला तरी होता का, याबद्दल लोकांत दुमत होतं. नजर घारीची, कान सशाचे, आणि मेंदू तर असा की, "इर्शाद, हा मेंदू मला झोपेतसुद्धा बंद करता येत नाही." त्यावर इर्शादला दर वेळी वाटायचं, जागेपणी सुरू केला तरी खूप झालं. मळवली स्टेशनबाहेर त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं, आणि दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर गेली चार वर्षं हौशीरामांचं मुख्य कार्यालय बसलेलं होतं. इर्शादला त्यांनी परस्पर साहाय्यक नेमलं होतं. नेमणूकपत्राची झेरॉक्स इर्शादनेच काढली होती.

गुप्तहेर होण्याआधी हौशीराम एका कारखान्याच्या गेटवर बारा वर्षं गाड्यांचे नंबर लिहीत. "एकही नंबर चुकला नाही," असं ते अभिमानाने सांगत. त्या बारा वर्षांत कारखान्यातून दोन जनरेटर चोरीला गेले. दोन्ही ट्रकांचे नंबर वहीत सुवाच्य अक्षरांत होते, आणि पुढच्या रकान्यात "नमस्कार करून गेले" अशी नोंद होती.

तर अशा माणसाच्या हाती माधवीचं घर सापडलं.

माधवी एका मुंबईकराच्या बंगल्याची राखण करायची. बंगल्याला पाच बेडरूम, आणि मागे तिला नि प्रितमला मिळून पत्र्याची एक खोली. प्रितम, म्हणजे तिचा नवरा, तळेगावला कंपनीत कामाला. त्या खोलीत दोघांनी नऊ वर्षं काढली. आता मालकाने बंगला विकला होता आणि महिनाअखेर खोली सोडायची होती. नव्या घरासाठी कर्ज मंजूर झालं होतं, पण त्यासाठी सहा महिने कागद जमवावे लागले होते, आणि त्यातलं पान न् पान इर्शादच्या मशीनवरून गेलं होतं. पगाराच्या पावत्या, आधार, बँकेची पासबुकं, सगळं त्याला तोंडपाठ झालं होतं. ते घर तिला मिळावं असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

घर भाजे गावाच्या रस्त्याला, 'गडदर्शन हाइट्स'मध्ये. हाइट म्हणाल तर तीन मजले, लिफ्ट नाही. गडाचं दर्शन घ्यायचं तर गच्चीवरच्या टाकीवर चढावं लागे. पण एक खोली, हॉल, किचन आणि किंमत अठरा लाख. तयार घर, कागद साफ. बिल्डर रतनशेठनी रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत घर राखून ठेवायचा शब्द दिला होता. तोवर बुकिंग झालं नाही, तर पिंपरीची एक पार्टी तयारच होती.

"अठरा लाख?" स्टुलावरून हौशीराम गरजले. "माधवी, स्वस्त घर आणि गोड बोलणारा जावई, दोन्हींच्या मागे काहीतरी असतंच."

माधवीचा चेहरा उतरला. "भाऊ, वकिलाने बघितलंय सगळं. तरी एकदा मोजून घेतलं असतं तर बरं झालं असतं. फसवलं तर पुन्हा नाही जमायचं आम्हाला."

"मोजणी माझ्यावर सोड."

इर्शादने मनात म्हटलं, झालं कल्याण.

हौशीरामांकडे भिंग होतं, शिट्टी होती, हातकडीसुद्धा होती. तिची किल्ली मात्र हरवली होती. टेप नव्हती. इर्शादचा मेहुणा मकसूद छताच्या पीओपीचं काम करायचा. त्याची पिशवी दुकानात पडलेली होती. हौशीरामांनी त्यातली टेप 'तपासकामी जप्त' केली.

रविवारी तीन वाजता सगळे दुसऱ्या मजल्यावर जमले. प्रितमला ड्युटी होती, म्हणून त्याची आई बयाबाई आल्या होत्या. लोहगडवाडीला ट्रेकिंगवाल्यांसाठी त्यांचा पिठलं-भाकरीचा ठेला. रविवारचा धंदा बुडवून त्या खाली उतरल्या होत्या, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. दाराशी रतनशेठ पायातल्या बुटांनी फरशीवर ताल धरून उभे होते.

"हौश्या, तू हितं काय करतोस रं?" बयाबाईंनी विचारलं.

"मावशी, कामावर असताना मला तिकोने म्हणायचं."

"तुजी आय तुला शेंबड्या म्हनायची. बरं, मोज."

इर्शादने हुक भिंतीला लावला, हौशीराम टेप ओढत पलीकडे गेले. नकाशावर हॉल दहा बाय चौदा होता. टेपेवर आला अकरा बाय पंधरा.

हौशीरामांनी पुन्हा मोजलं. अकरा बाय पंधरा. बेडरूम दहा बाय अकराची, ती भरली अकरा बाय बारा. संडास-बाथरूमसुद्धा दोन्ही बाजूंनी एकेक फूट जास्त.

"जास्त आहे," माधवी हळूच म्हणाली. "मग चांगलंच आहे की!"

"चांगलं?" हौशीरामांनी डोळे मिटले. "मुली, या पृथ्वीतलावर आजवर कुठल्या बिल्डरने कुणाला एक इंच फुकट दिलाय? आणि इथे खोलीगणिक फूट! हा गुन्हा आहे. फक्त कोणता, ते शोधायचंय."

पहिला सिद्धांत लगेच आला. मावळातल्या पावसाने दारं फुगतात, तशी ही इमारत फुगलेली आहे. इर्शादने विचारलं, फुगली तर खोल्या लहान व्हायला हव्यात ना? हौशीराम म्हणाले, "ती बाहेरच्या बाजूने फुगलीय." दुसरा सिद्धांत, शेजारच्या घराचा फूट चोरून इकडे जोडलाय. शेजारी राजेश्वरीताई पापड लाटत होत्या, त्यांना उठवून त्यांचाही हॉल मोजला. तोही एक फूट जास्त. "म्हणजे दोघांनी मिळून तिसऱ्याचा चोरलाय," असं म्हणत हौशीराम तिसऱ्याकडे गेले. तिथेही तेच. शेवटी जिन्याचा कठडा मोजला, तोसुद्धा फूटभर उंच निघाला. आता चोरायला कुणी उरलंच नव्हतं. तेव्हा तिसरा सिद्धांत निघाला, की भिंत पोकळ आहे आणि तिच्यात गडावरचं धन आहे. ते कान लावून भिंत ठोकू लागले. आतून धो धो आवाज आला. हौशीराम एकदम मावळीत ओरडले, "आयला, हाय की काय तरी!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी फ्लश ओढला होता.

या सगळ्यात एका माणसाचा मेंदू मात्र खरोखर चालला होता, आणि तो रतनशेठचा होता. मोबाइलवर त्यांनी काहीतरी गुणाकार केला आणि घसा साफ केला. "हे बघा ताई, माझा धंदा सरळ. कार्पेटप्रमाणे, म्हणजे आतल्या जागेप्रमाणे पैसे. तुमच्या साहेबांच्या मापाने पंचाहत्तर चौरस फूट जागा जास्त आहे. आमच्या इंजिनियरची चूक असेल. पण जागा जास्त तर पैसे जास्त. फुटाला पाच हजार, म्हणजे पावणेचार लाख वाढतील."

माधवी मटकन खालीच बसली. एवढे पैसे कुठून आणायचे? मंजूर कर्जावर एक रुपयाही जास्त द्यायला बँक तयार नव्हती. तिने हौशीरामांकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं. फसवणूक पकडायला आणलेल्या माणसाने घर महाग करून ठेवलं होतं.

"शेठ, दया करा. नकाशाप्रमाणेच घ्या ना," ती म्हणाली.

"नियम म्हणजे नियम. पाचला पिंपरीची पार्टी येतीय. ते देतात."

"लिवून द्या मंग," बयाबाई म्हणाल्या. "आज पावनेचार, उद्या पाच म्हनाल. मोजून भरंल तेवड्याचंच पैसं, आसं कागदावर सही करून द्या."

रतनशेठना यात आपलाच फायदा दिसला. त्यांनी आनंदाने लेटरहेडवर लिहिलं, 'प्रत्यक्ष मोजणीत भरेल तेवढ्याच जागेचे पैसे घेतले जातील', आणि खाली वळणदार सही केली. बयाबाईंनी कागद चोळीत खोचला आणि टेपेकडे बोट दाखवलं.

"हौश्या, ती मला लाव."

"मावशी, तुम्ही वास्तूचा भाग नाही."

"लाव म्हनते न्हवं!"

इर्शादने त्यांच्या टाचेशी हुक धरला. हौशीरामांनी डोक्यापर्यंत टेप नेली आणि वाचलं, "पाच फूट नऊ इंच."

इर्शाद स्वतः पाच फूट सहा इंच होता, लायसनसाठी मोजलेला, आणि बयाबाई त्याच्या खांद्याशी उभ्या होत्या.

"डोळ्याच्या क्यांपात मला चार फूट नऊ लिवलंय," बयाबाई म्हणाल्या. "म्हैन्यात मी फूटभर वाढले व्हय रं? ह्या वयात?"

हौशीरामांचे डोळे चमकले. "इर्शाद! लिहून घे! या इमारतीत शिरलेली प्रत्येक वस्तू वाढते! मावशी, जरा बाहेर चला, रस्त्यावर मोजतो."

"मी बाहेर आले तर तू मोजायच्या लायक ऱ्हानार न्हाईस."

इर्शादने मकसूदला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"ती पिवळी टेप?" मकसूद लोणावळ्याहून म्हणाला. "अरे, तिचा पहिला फूट मागच्या वर्षी शटरमध्ये अडकून तुटला ना! मी पुढच्या फुटाला नवा हुक ठोकलाय. मोजायचं आणि एक वजा करायचा. आमच्या सगळ्या माणसांना माहितीय. फुटासाठी नवी टेप कोण घेतं? मस्त चालते की."

इर्शादने हुकाजवळचं पीओपी नखाने खरवडलं. खालून आकडा निघाला, तेरा इंच.

रतनशेठ अर्धा तास पावणेचार लाखांनी श्रीमंत होते. त्यांनी मोठा उसासा टाकला. "चला, ठीक आहे. जुनाच भाव. सही करा ताई, वेळ जातोय."

"थांबा वो," बयाबाईंनी चोळीतला कागद काढला. "मोजून भरंल तेवड्याचं पैसं. अजून बराबर टेपनं मोजलंय कुटं?"

रतनशेठनी नाइलाजाने आपल्या मिस्त्रीची स्टीलची टेप मागवली. हॉल नकाशाबरहुकूम. बेडरूम बरोबर. बाथरूमही बरोबर. रतनशेठ जागोजागी स्वतःवरच खूश होत गेले. इतका प्रामाणिकपणा आपल्या हातून घडलाय, याची त्यांना कल्पना नसावी. मग किचन. नकाशावर सात बाय नऊ. टेपेवर सहा फूट आठ इंच बाय नऊ.

"टाइल्सची जाडी असते, मावशी. चार इंच काय..."

"तीन चौरस फूट," इर्शादने मोबाइलवर हिशोब केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादा गुणाकार इतका गोड लागला. "पंधरा हजार होतात शेठ. तुमच्याच दराने."

"नियम म्हंजी नियम," बयाबाई म्हणाल्या. "पन मी काय वंगाळ बाई न्हाई. ते पैसं ऱ्हाऊ द्या. ओट्याला कडाप्पा बसवलाय, तो काडा आन ग्रॅनाइट घाला. माजी सून उबी ऱ्हानार तितं."

रतनशेठनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आपल्याच सहीकडे. तेवढ्यात पिंपरीच्या पार्टीचा फोन आला. कार्ल्याच्या फाट्यावर दोन तास गाडी हललेली नव्हती, आणि अशा जागी घर घ्यायचा त्यांचा विचार बदलला होता.

"घालतो ग्रॅनाइट," रतनशेठ म्हणाले.

पाचला दहा मिनिटं कमी असताना माधवीने बुकिंगच्या फॉर्मवर सही केली. पहिलं नाव तिचं, दुसरं प्रितमचं. सही स्पष्ट आली. हौशीरामांनी टोपी नीट केली. "शेवटी रहस्य उलगडलं. मी मोजलं नसतं, तर ते चार इंच कुणालाही कळले नसते." हे शंभर टक्के खरं होतं, आणि त्याचाच इर्शादला भयंकर राग आला.

"शेठ," माधवी चाचरत म्हणाली, "मी पाच मिनिटं इथे एकटी थांबू का?"

सगळे बाहेर आले. तिने दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. बयाबाई जिन्याच्या पायरीवर टेकल्या. रतनशेठ घड्याळ बघत राहिले. हौशीरामांनी दाराला कान लावला आणि कुजबुजले, "आत काय चाललंय, याबद्दल माझे तीन तर्क आहेत."

"साहेब," इर्शाद म्हणाला, "आज नको."

चार वर्षांत पहिल्यांदा हौशीरामांनी साहाय्यकाचं ऐकलं आणि दाराला लावलेला कान काढला.

दार उघडलं. माधवीचे डोळे लाल झाले होते, पदर नीट खांद्यावर होता. बाहेर ताटकळलेल्या चौघांकडे पाहून ती एकदम गोंधळली.

"अगंबाई, असे बाहेर काय उभे? या ना, आत या. बसा. गॅस अजून नाही, नाहीतर चहा टाकला असता. पाणी तरी घ्या."

बयाबाई आधी आत गेल्या आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. हौशीराम आणि इर्शाद चपला काढून त्यांच्या मागोमाग गेले. रतनशेठ उंबऱ्याशी थांबले. ही इमारत त्यांनीच बांधली होती आणि दोन वर्षं ते तिच्यात बुटांसकट फिरत होते. त्यांनी भिंतीला हात टेकला, खाली वाकून नाड्या सोडल्या आणि बूट बाहेर ठेवले.