चौथा गडी शकीलभाई

शकीलभाईंबरोबर रस्त्यानं चालायचं म्हणजे घसा मजबूत लागतो. ते कधीच आपल्या शेजारून चालत नाहीत. आपल्यापासून दहा-बारा फूट उजवीकडे, पण अगदी आपल्या रेषेत चालतात. आपण खड्डा चुकवायला डावीकडे सरकलो की तेही तेवढेच डावीकडे सरकतात. आपण पानटपरीशी थांबलो की ते पलीकडे मेडिकलसमोर थांबतात. लातूरच्या क्लासेसच्या रस्त्यावर, सकाळी सात वाजता, सायकली, स्कूट्या आणि ऑटोंच्या गर्दीत आमच्या गप्पा चालतात त्या एवढ्या अंतरावरून, ओरडून. माझ्या सासऱ्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन त्यामुळे अर्ध्या लातूरला माहीत आहे.

एकदा वैतागून विचारलं, हा काय प्रकार आहे? तेव्हा त्यांनी मला शांतपणे समजावलं. डबल्समध्ये, म्हणजे टेनिस जोडीनं खेळतात तेव्हा, दोघांच्या कमरेला एकच दोरी बांधलीय असं धरून चालायचं असतं. "दोरी ढिली पडली का मधून बॉल जातो, सर." वीस वर्षांची सवय, आता सुटत नाही म्हणाले.

मी एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो आणि शकीलभाई माझ्या घराखाली दुकान चालवतात, राहतातही दुकानामागच्या खोलीत. दुकानावर 'खेळाचे साहित्य' असं लिहिलंय. खपतात पाण्याच्या बाटल्या आणि दप्तरं. आत कॅश काउंटरच्या मागे पेपरातल्या एका फोटोची फ्रेम आहे. फोटोत एक उंच पोरगा दोन्ही हात वर करून हसतोय आणि डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर दिसतंय. ते कोपर शकीलभाईंचं.

हा माणूस धंदेवाईक टेनिसपटू होता, हे सांगितलं तर लातूरमध्ये कुणी विश्वास ठेवत नाही. त्यांचे वडील इथल्या क्लबात मातीच्या कोर्टवर पाणी मारायचे, रोलर फिरवायचे, चुन्याच्या रेषा आखायचे. संध्याकाळी साहेब लोक खेळायला यायचे आणि बहुतेक वेळा तिघंच असायचे. मग चौथा म्हणून शकीलला उभं करायचे. साहेबाला धावायला लागू नये, त्याचा चुकलेला बॉल आपण घ्यावा आणि जिंकल्यावर साहेबालाच वाटावं की त्यानं जिंकवलं, हे सगळं ते बाराव्या वर्षीच शिकले. "माझं सगळं करिअर चौथा गडी म्हणूनच झालं," असं ते म्हणतात. हसत म्हणतात, पण ऐकणाऱ्याला हसू येत नाही.

पुढं ते खरोखर देशोदेशी खेळले. ताश्कंद, बँकॉक, आणखी कुठं कुठं. एका खोलीत चौघं झोपायचे, मोरीत कपडे धुवायचे, इलेक्ट्रिक किटलीत भात शिजवायचे. डबल्सच्या यादीत त्यांच्या पुढे जगात फक्त पावणेतीनशे माणसं उरली होती, त्या वर्षी लातूरला त्यांचा सत्कार झाला. पुढाऱ्यांनी शाल घातली आणि 'आपल्या मातीतले टेबल टेनिसपटू' म्हणून गौरव केला. शकीलभाईंनी दुरुस्ती केली नाही. टेबल तर टेबल, म्हणाले.

त्यांना अकरा पार्टनर झाले आणि अकराही सोडून गेले. एक अमेरिकेला शिकायला गेला, एकाला मोठ्या नावाचा जोडीदार मिळाला, एकाच्या सासऱ्यानं बंदी घातली. एक तर पहिली मॅच जिंकून दुसरीच्या आधी गेला, निरोपसुद्धा हॉटेलच्या वेटरकडून आला. ही अकरा नावं शकीलभाई क्रमानं म्हणून दाखवतात आणि प्रत्येक नावापुढे एक शेलकी शिवी असते. त्यांच्याबद्दल लई कडवट बोलतात. फोटोतला पोरगा सातवा.

गुडघा गेल्यावर ते लातूरला परत आले. तोवर गाव बदललं होतं. डाळीच्या गिरण्यांपेक्षा क्लासेसच्या पाट्या मोठ्या झाल्या होत्या. त्यांनी जुन्या कोर्टवर टेनिस शिकवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वीस पालक आले. मुलांना खेळायला वेळ नव्हता, पण खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, त्याचं सर्टिफिकेट हवं होतं. एका वडिलांनी खालच्या आवाजात विचारलं की डबल्स खेळलं तर गुण निम्मे होतात का. शकीलभाईंनी एकालाही सर्टिफिकेट दिलं नाही. वर्षभरात शिकवणी बंद पडली आणि कोर्टच्या जागेवर मुलींचं होस्टेल उभं राहिलं. मुली आमच्याच क्लासच्या. मला तेव्हा शकीलभाईंच्या नजरेला नजर देता येईना.

ते मात्र माझ्याशी पूर्वीसारखेच राहिले. फक्त एक वाक्य वाढलं, "हा मधला बॉल हाय." दोघांच्या मधोमध बॉल येतो, हा म्हणतो तो घेईल, तो म्हणतो हा घेईल, आणि बॉल निघून जातो. गल्लीतली नाली तुंबली, एका ऑफिसानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, की मधला बॉल. पोरगं नापास झालं, बाप म्हणाला क्लासनं बघायला पाहिजे होतं आणि क्लास म्हणाला बापानं, की मधला बॉल. माझ्याकडे बघून म्हणायचे.

दोन-अडीच वर्षांपूर्वी मला क्लासच्या कामासाठी नांदेडला जायचं होतं. शकीलभाई म्हणाले, मी पण येतो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, नांदेड आलं. नांदेडचं काम आटोपल्यावर त्यांनी विचारलं, आणखी थोडं पुढं, भोकरला जाऊ या का? तिथं कोण आहे विचारलं, तेव्हा गाडीच्या काचेतून बाहेर बघत त्यांनी मला ते सांगितलं.

त्या अकरा जणांच्या आधी एक होता. व्यंकट. किल्लारीच्या बाजूच्या एका गावचा, लातूरला वसतिगृहात राहून शिकणारा. क्लबाच्या भिंतीपलीकडे गेलेले बॉल तो डाव्या हातानं असे फेकायचा की ते बरोबर शकीलच्या पायाशी येऊन पडायचे. शकीलनं त्याला भिंतीवरून अलीकडे घेतलं. तीन वर्षांत दोघं राज्याचे ज्युनियर विजेते झाले. हैदराबादच्या एका कोचनं दोघांना बोलावलं. निघायच्या आधी व्यंकट गणपती विसर्जनासाठी गावी गेला, आणि विसर्जन झालं त्याच रात्री, पहाटेच्या सुमाराला, भूकंप झाला.

आई आणि भाऊ गेले. व्यंकटला मातीतून काढलं तेव्हा डावा खांदा चेचला होता. शकील महिनाभर दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होता. डॉक्टर म्हणाले वर्ष लागेल, कदाचित हात वर जाईल, कदाचित नाही. मग कोचचा निरोप आला की इथं दुसरा एक पोरगा आहे, त्याला जोडीदार पाहिजे. शकीलनं व्यंकटला सांगितलं, दोन महिन्यांत येतो.

"गेलोच न्हाई, सर. पत्र पण न्हाई. सगळे मला सोडून गेले म्हणतो ना मी? पहिल्यांदा मी सोडला."

भोकरच्या बाजारात व्यंकटरावांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. भूकंपानंतर मामांनी त्यांना इकडे आणलं होतं. त्यांनी शकीलभाईंना लगेच ओळखलं, काउंटरमागून बाहेर आले आणि उजव्या हातानं मिठी मारली. डावा हात तसाच खाली राहिला. चहा आला. शकीलभाईंनी गाडीत मनाशी घोकलेलं वाक्य अखेर उच्चारलं.

"व्यंकट, मी तुला सोडून गेलो."

"कुठं?" व्यंकटराव म्हणाले.

हैदराबादला, खांदा बरा व्हायच्या आत, असं शकीलभाईंनी सांगितलं. व्यंकटराव आठवल्यासारखं करून हसले. बरं केलंस म्हणाले. त्या वक्ताला मला टेनिस कुठं सुचत होतं. आपण कधी खेळत होतो हे बायको-पोरीलाही सांगितलं नाही, सांगण्यासारखं काय होतं त्यात. मग त्यांनी विषय बदलला. पोरगी, ऋतुजा, जूनमध्ये लातूरला येणार होती, मेडिकलच्या तयारीला. होस्टेलला राहील, जमलं तर लक्ष ठेवा.

परतताना अहमदपूर आलं. तेव्हा शकीलभाई म्हणाले, "तो रागावला असता तर बरं झालं असतं."

जूनपासून आमच्या जिन्यात सकाळी फोडणीचा वास येऊ लागला. इतकी वर्षं एकटे राहून शकीलभाई स्वयंपाक उत्तम करतात, पण आता वरण, मेथीची भाजी, गुरुवारी शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे असं व्हायला लागलं. साडेबाराला दुकान बंद करून ते होस्टेलच्या दारात डबा देऊन यायचे, जिथं एकेकाळी त्यांच्या वडिलांनी रेषा आखल्या होत्या तिथं. ऋतुजाला वाटायचं बाबांनी डबा लावलाय. ती त्यांना डबेवाले काका म्हणायची. खरं सांगा की, मी म्हणालो. काय सांगू, ते म्हणाले, तिच्या बापाच्या लेखी तर काही झालंच न्हाई.

दोन वर्षांनी निकाल लागला. आमच्या क्लासनं चौकात मोठा फ्लेक्स लावला, त्यात ऋतुजाचा फोटो नव्हता. थोडक्यात नंबर हुकला होता. ती भोकरला परत निघाली, तेव्हा आम्ही दोघं तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. पोरगी बाकावर बसून पायाकडे बघत होती. म्हणाली, "दोन वर्षं वाया गेली, काका. बाबांना काय तोंड दाखवू?"

शकीलभाई तिच्या शेजारी बसले. अगदी शेजारी, मध्ये फक्त तिची बॅग होती. त्यांनी तिला तिच्या बापाची डावखुरी सर्व्हिस सांगायला सुरुवात केली. तिला आधी वाटलं ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. बाबांचा हात तर वर जात नाही, म्हणाली. आधी जायचा, ते म्हणाले, आणि उठून फलाटावर, दुखऱ्या गुडघ्यावर, तो हात कसा जायचा ते करून दाखवलं. पुण्याच्या पोरांविरुद्धची फायनल सांगितली. भूकंप सांगितला. दवाखाना सांगितला, आणि त्यानंतर आपण काय केलं तेही, काही न गाळता. नांदेडची गाडी लागली आणि गेली. ऋतुजा उठली नाही.

मग तिनं तिथूनच वडिलांना फोन लावला. निकालाबद्दल काही बोलली नाही. एवढंच विचारलं, बाबा, तुम्ही टेनिस खेळायचात? मग ती नुसती ऐकत राहिली, आणि थोड्या वेळानं तिनं फोन शकीलभाईंच्या हातात दिला.

शकीलभाई "हाव" म्हणाले. पुन्हा "हाव" म्हणाले. एकदा, "न्हाई, तो बॉल तुझा होता, मी मारला," असं म्हणाले. फोन संपल्यावर त्यांनी तो पोरीला परत दिला आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

काय म्हणाले व्यंकटराव, मी विचारलं.

"फायनलचा स्कोअर सांगत होता," ते म्हणाले. "एकेक पॉइंट याद हाय त्याला, सर. सगळंच याद हाय."