विठोजीरावांची पाच मिनिटं

विठोजीराव वर्गात शिरले की गुड मॉर्निंग म्हणत नसत. मुलांकडे बघतही नसत. थेट फळ्याशी जाऊन एक प्रश्न लिहायचे, टेबलावर अलार्मचं जुनं घड्याळ ठेवायचे आणि मग स्वतःची मान डावीकडे-उजवीकडे फिरवायला लागायचे. मग मनगटं. मग खांदे. कुस्तीला उतरायच्या आधी पैलवान करतात तसं. तेवढ्या वेळात मुलांनी कागदाच्या चिठोऱ्यावर त्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं. पाच मिनिटांनी घड्याळ किंचाळलं की चिठ्ठ्या गोळा. मग शिकवणं सुरू.

नववीला ते जगाचा इतिहास शिकवत. शिकवायच्या आधी डोकं तापलं पाहिजे, असं त्यांचं शास्त्र. त्यांच्याकडे एक म्हातारी स्कूटर होती, ती चोक ओढून दहा लाथा खाल्ल्याशिवाय हलत नसे, आणि सगळं शास्त्र बहुधा तिच्याकडूनच आलेलं होतं. "गार इंजिनाला गियर टाकू नये, अक्का. स्वल्प तापू द्या की." हे 'स्वल्प तापू द्या' कशालाही चालायचं. इडलीला, गणित न येणाऱ्या मुलाला, नव्या लग्न झालेल्या जोडप्याला. आम्ही दोघंही बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांतली माणसं. आमच्या मराठीत निम्मं कन्नड कधी शिरलं ते आमच्या पणज्यांनाही आठवत नसेल. माझी पुण्याची सून पहिल्यांदा घरी आली, तेव्हा अर्धा तास नुसती हसऱ्या चेहऱ्याने बसून होती. नंतर नवऱ्याला म्हणाली, "आईंना सांग ना, मला कन्नड येत नाही."

तर विठोजीराव. त्यांचा एक कायदा होता. त्या पाच मिनिटांत वर्गात जो कुणी असेल, त्याने लिहायचं. डबा द्यायला आलेल्या आईने लिहायचं. नोटीस घेऊन आलेल्या शिपायाने लिहायचं. एकदा पंखा दुरुस्त करायला मुनियप्पा नावाचा वायरमन शिडीवर चढला होता, त्यालाही त्यांनी खाली उतरवून चिठ्ठी दिली. प्रश्न होता: 'पिरॅमिडचा दगड वर चढवताना दोर तुटला. चूक कुणाची?' (प्रश्न असायचे इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगते.) मुनियप्पाने कन्नडमध्ये लिहिलं, 'दोर तपासणाऱ्याला त्या दिवशी दुसऱ्या कामाला लावलं असणार.' विठोजीरावांनी ते वाचून दाखवलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या, मुनियप्पा इतका खूश झाला की तसाच निघून गेला. पंखा पुढे महिनाभर फिरला नाही.

शिक्षकांच्या सभेतसुद्धा प्राचार्य बोलायला उठायच्या आत हे चिठ्ठ्या वाटून मोकळे. 'आजच्या सभेतून काय निघणार नाही?' पीटीच्या सरांनी लिहिलं, 'चहा.' तेच खरं ठरलं.

आता या सगळ्यात मी कोण, तेही सांगते. आज मी एकाहत्तर वर्षांची, गुडघे सोडले तर बरी चालणारी बाई आहे. तेव्हा मी त्या शाळेची अकॅडेमिक कोऑर्डिनेटर होते. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी मला थांबवून घेतलं होतं, आणि त्याचा मला इतका माज होता की मी कॉरिडॉरमधून चालत नसे, मिरवत असे. गळ्यात चष्म्याची साखळी, छातीशी क्लिपबोर्ड. क्लिपबोर्डवर बऱ्याचदा वाण्याची यादी असायची, पण तो नुसता धरला की लोक वाट सोडत. त्या बाईला आज कुठे भेटले तर मी तिच्या साखळीचा चष्मा ओढून पळून जाईन.

त्या वर्षी शाळेत स्मार्ट बोर्ड आले. एका कंपनीने त्यांत रोजच्या तयार प्रश्नमंजूषा भरून दिल्या होत्या. चार पर्याय, एक बरोबर, लगेच हिरवी टिकली. व्यवस्थापनाला त्या हव्या होत्या आणि विठोजीरावांच्या चिठ्ठ्या नको होत्या. मला सांगितलं, "वर्गात बसून निरीक्षण करा, रिपोर्ट द्या." मी एका शुक्रवारी गेले. शेवटच्या बाकावर ताठ बसले. पुढच्याच रांगेत माझी नात वैष्णवी बसली होती. तेव्हा ती माझ्याकडे जयनगरला राहायची. बेळ्ळंदूरहून शाळा लांब पडते, असं आम्ही लोकांना सांगायचो. खरं म्हणजे बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये माझा मुलगा आणि सून बोलायचे थांबले होते, आणि जेव्हा बोलत तेव्हा शेजारचे टीव्ही बंद करून ऐकत.

विठोजीरावांनी फळ्यावर लिहिलं: 'पॅरिसमध्ये पाव मिळेनासा झाला. घरात पाव संपत आलाय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं?' आणि मला चिठ्ठी दिली. कायदा म्हणजे कायदा. मी बी.ए.ला इतिहासात कॉलेजात दुसरी आलेली. मी झोकात लिहिलं: 'करांचा बोजा, धान्यटंचाई, सामाजिक विषमता.'

घड्याळ किंचाळलं. विठोजीराव चिठ्ठ्या नाव न घेता वाचायचे. माझी हातात आल्यावर त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली. "हे कुणीतरी पुस्तकातून उतरवलंय," ते म्हणाले. "यात माणूसच नाही. स्वल्प तापू द्या." सबंध शाळेत जांभळ्या शाईचं पेन माझ्या एकटीकडेच होतं. चाळीसेक मुलं मागे वळून बघायचं टाळत होती, आणि ते टाळणं वळून बघण्यापेक्षा वाईट होतं.

त्यांनी मग दुसरी चिठ्ठी वाचली. 'आईला. कारण ती "मला भूक नाही" म्हणायला लागते.'  लक्ष्मी नावाची एक मुलगी होती. दिवसदिवस तोंड उघडायची नाही. तिचे कान लाल झाले होते.

मला ते उत्तर समजलं नाही, असं नाही. समजलं. म्हणूनच जास्त राग आला.

रिपोर्ट मी त्याच दुपारी एका बैठकीत लिहिला. रोज पाच मिनिटं म्हणजे वर्षात किती तास, याचं गणित मांडलं. 'असंबद्ध प्रश्न' असा मथळा देऊन मुलांकडून गोळा केलेली यादी जोडली. 'रोमन सैनिकाची चप्पल कूच करताना तुटली, तो काय करेल?' 'नकाशा नसलेल्या शहरात गाडीवाल्याला रस्ता कसा सापडत असेल?' 'राणीचे केस विंचरणाऱ्याला राजवाड्यातलं काय काय ठाऊक असेल?' 'तीन महिने जहाजावर आहात, पिठात किडे पडलेत, स्वयंपाक कसा कराल?' खाली लिहिलं: 'अभ्यासक्रमाशी संबंध नाही.' प्राचार्यांनी शेरा मारला, 'सहमत. सोमवारपासून चिठ्ठ्या बंद.' मी त्या दिवशी स्वतःला कॉफी पाजली.

विठोजीराव माझ्या केबिनमध्ये आले. बसले नाहीत. "अक्का, अकरा दिवस द्या. मग मी आपण होऊन बंद करतो."

"अकराच का?"

"तेवढे उरलेत."

"काय उरलेत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. सांगावं का नको, असं काहीतरी चेहऱ्यावर. मग म्हणाले, "ते सांगितलं की त्याचा उपयोग जातो. अकरा फक्त, अक्का. तुम्ही मनात आणलंत तर होईल."

मला वाटलं, म्हातारा घासाघीस करतोय. मी म्हटलं, "सर, नियम सोमवारपासून म्हणजे सोमवारपासून."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कन्नडमधलं 'बरं', आणि गेले.

सोमवारी ते वर्गात गेले, मुलांना गुड मॉर्निंग म्हणाले आणि पान क्रमांक सांगितला. फळ्यावर कंपनीची हिरवी टिकली लागली. त्या संध्याकाळी वैष्णवी पानावर भाताची गोळी फिरवत म्हणाली, "आज सरांनी काहीच विचारलं नाही."

"बरं झालं. तेवढा धडा पुढे गेला ना?"

"हो." मग थोड्या वेळाने, "पण त्यांचंही बरोबर असेल, शाळेचंही बरोबर असेल." ती प्रत्येक गोष्टीत अशी बोलायची. मी म्हणायचे, किती समजूतदार पोर आहे माझी.

विठोजीराव त्याच वर्षाअखेर निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषण मीच केलं. 'अशी माणसं आता दुर्मीळ,' असं मी म्हटलं, आणि माझं मलाच ते इतकं आवडलं की दोनदा म्हटलं.

त्यानंतर नऊ-दहा वर्षांत आम्ही भेटलो नाही. मुलगा-सून वेगळे झाले. सून पुण्याला परत गेली. त्या काळात वैष्णवीला सगळे एकच विचारत होते: तू कुणाकडे राहणार? वडिलांनी विचारलं, आईने विचारलं, वकिलांनी विचारलं. लाज वाटते, पण मीही विचारलं, आणि विचारताना पुढ्यात तिच्या आवडीची होळिगे, म्हणजे आमची पुरणपोळी, ठेवली. आता ती हैदराबादला नोकरी करते. म्हणजे पुणं आणि बेंगळुरू, दोन्हीकडून सारखीच लांब.

गेल्या महिन्यात जयनगरच्या बाजारात एका उभ्याने खायच्या हॉटेलात कॉफीला गेले, तर कोपऱ्यातल्या उंच टेबलाशी विठोजीराव. वाळलेले, पण इस्त्रीचा शर्ट. टेबलावर एक कॉफी, एक पाण्याचा पेला, आणि समोर कुणी नाही. रोज सकाळी साडेदहाला येतो म्हणाले. घरी कॉफी करता येत नाही असं नाही, पण इथे निदान कॉफी देणारा "बन्नी सर", या सर, म्हणतो.

मी जरा गंमत करायला गेले. म्हटलं, "सर, खरं सांगा, ते वेडे प्रश्न तुम्हाला सुचायचे कुठून? राणीची हेअरड्रेसर काय, किडे पडलेलं पीठ काय!"

"हजेरीपटातून," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत.

"रोज एक नंबर, अक्का. पहिल्यापासून. वर्षात प्रत्येकासाठी एक तरी प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर वर्गात फक्त त्याच्याकडे आहे. राणीच्या केसांचा अरविंदचा. त्याच्या मामाचं सलून, शनिवार-रविवार तिथेच बसायचा. चप्पल इम्रानची, वडिलांचं दुरुस्तीचं दुकान. नकाशा दीपाचा, तिचे वडील ऑटो चालवायचे. पीठ जयंतीचं. आई कामावर, चौथीपासून सगळ्यांच्या पोळ्या ती करायची. एक दिवस तरी पोराला वाटावं, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण कुणाचा दिवस कुठला, ते सांगायचं नाही. सांगितलं की बाकीचे लिहायचे थांबतात आणि ते पोर घाबरतं."

माझ्या यादीतले सगळे होते. एकेक. मी ज्यांच्याखाली 'संबंध नाही' असं लिहिलं होतं.

"आणि पाव?"

"लक्ष्मीचा." त्यांनी कॉफीचा पेला थोडा सरकवला. "एकतिसावा नंबर. तिच्यानंतर बंद."

वर्गात बेचाळीस मुलं होती. गणितात मी कधीच कच्ची नव्हते.

"सर, तेव्हाच मला सांगितलं असतंत तर…"

"तर तुम्ही रिपोर्टात लिहिलं असतंत," ते अगदी सहज म्हणाले. कडवटपणा नव्हता आवाजात. तो असता तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं. "अकरा राहिले. मला अजून पाठ आहेत. मंजुनाथ, मेरी, नवीन, पूर्णिमा… कधी झोप लागत नाही तेव्हा त्यांचे प्रश्न बसवतो. एक-दोघं कुठे भेटले, तर तिथेच उभ्या-उभ्या विचारून टाकतो. मंजुनाथला बँकेत विचारला. पाठी रांग लागली होती, तरी उत्तर दिलं त्याने." ते हसले. "बाकीचे भेटत नाहीत. लग्न केलं नाही मी, अक्का. एवढेच काय ते राहिलेत."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "वैष्णवी कितवी होती?"

"एकोणचाळीस."

"तिचा प्रश्न तयार होता?"

"पहिल्या महिन्यातच. ती काहीही विचारलं तरी दोन्ही बाजू लिहायची. आणि खाली नेहमी एक ओळ, 'कुणाचंच चुकलं नाही.' चौदा वर्षांचं पोर असं लिहीत नाही, अक्का. त्याला तसं लिहायची सवय लागावी लागते."

 शाळेतल्या कुणाला आमच्या घरातलं कळलं नाही, अशी माझी समजूत होती. ही समजूत मी फार जपली होती.

मग त्यांनी प्रश्न सांगितला. इतक्या वर्षांनी, एक शब्द न अडखळता: "दोन मोठ्या राज्यांचं भांडण चाललंय. मधे एक छोटा देश आहे. दोघंही त्याला विचारतात, तू कुणाच्या बाजूचा? त्या देशाला स्वतःला काय हवंय?"

कॉफी संपल्यावर त्यांनी मला रस्ता ओलांडून दिला, ऑटोवाल्याला पत्ता नीट समजावला आणि परत आपल्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर मी वैष्णवीला फोन लावला. ऑफिसात होती, पण उचलला. मी इकडचं-तिकडचं बोलले, तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. मग मी तो प्रश्न विचारला. कुठे ऐकला, कुणी सांगितला, काही बोलले नाही. जणू मलाच आत्ता सुचला. एवढा शहाणपणा अजूनही माझ्यात शिल्लक आहे.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

"आजी," ती म्हणाली, "हा सरांचा प्रश्न. हे तू नाही विचारलंस."

"नाही," मी म्हटलं.