केरोबाचे कार्ड

एका जंगलात, मुलांनो, केरोबा नावाचे एक म्हातारे अस्वल राहत होते. त्याचे गुडघे फार दुखत. भांगेची दोन पाने चघळली की दुखणे उतरे आणि केरोबा तासभर चालू शके.

त्या जंगलात औषध म्हणून भांग खायला परवानगी होती. मात्र कार्ड लागे. वैद्य घुबडाने तपासून केरोबाला ते दिले होते. केरोबा ते गळ्यात बांधून हिंडे. झोपतानाही काढत नसे.

एके दिवशी ओढ्यापलीकडच्या जंगलातून निरोप आला. लेकीच्या पिल्लाचे बारसे होते. पिल्लाला आत्या नव्हती, म्हणून कानात नाव आजोबांनी सांगायचे ठरले होते. केरोबाने सहा पाने पुडीत बांधली आणि तो निघाला.

ओढ्यावर त्या जंगलाचा नाका होता. नाक्यावर साळिंदर कारकून होते. केरोबाच्या पुढे सगुणा शेळी उभी होती. तीही बारशालाच निघाली होती. तिच्या तोंडात भांगेचीच फांदी होती.

"तोंडात काय आहे, सगुणाबाई?" साळिंदराने विचारले.

"पाला."

"कसला?"

"हिरवा."

"जा."

मग केरोबाने पुडी उघडली आणि कार्ड पुढे केले. "साहेब, भांगेची सहा पाने. औषधाची."

साळिंदराने कार्ड दोन्ही बाजूंनी वाचले. मग पाठीचा एक काटा उपटला, जांभळाच्या रसात बुडवला आणि लिहायला घेतले.

"म्हणजे ही भांग आहे."

"औषध आहे, साहेब."

"ते तुमच्या जंगलात. इथे भांग. तुम्हीच लेखी आणलंय."

"गुडघे तर तेच आहेत."

"तुमच्या गुडघ्यांची आमच्याकडे नोंद नाही. आमच्या वैद्यांचा दाखला आणा. त्या डोंगरावर बसतात. पण आजोबा, आधीच सांगतो. जो वर चढून येतो, त्याचे गुडघे ठणठणीत आहेत असाच दाखला ते देतात."

पाने जप्त झाली. केरोबा तसाच बारशाला निघाला. वीस पावलांवर गुडघ्यांनी साथ सोडली आणि तो मटकन खाली बसला. आजूबाजूला भांग कानापर्यंत वाढली होती.

"साहेब, यातली दोन पानं घेऊ?"

"ते गवत आहे," साळिंदर म्हणाले. "कुणीही खावं. पण तुम्हाला नाही देता येणार. तुमच्याकडे कार्ड आहे."

केरोबा दिवसभर तिथेच बसून राहिला. ऊन कलल्यावर सगुणा परत आली. तिने त्याच्यापुढे बारशाच्या घुगऱ्या ठेवल्या.

"मुहूर्त टळत होता, केरोबा. म्हणून कानात नाव मीच सांगितलं."

"बरं केलंस. काय ठेवलं?"

सगुणाने त्यातल्याच दोन घुगऱ्या तोंडात टाकल्या.

"चांगलं होतं हो," ती म्हणाली. "वाटेत तो पाला खाल्ला ना, तेव्हापासून काही आठवत नाही बघा."

तात्पर्य: आपण काय खातो हे ठाऊक नसेल, तर कुठल्याही राज्यात जाता येते. ठाऊक असेल तर कार्ड लागते, आणि कार्ड असेल तर जाता येत नाही.