इंजिनानं तळलेली भजी

मोटेची बैलजोडी विकून कोंडीरामानं विहिरीवर इंजिन बसवलं, तेव्हा अख्ख्या कुरुळीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला होता, "बैलाला बसूनबी कडबा लागतो. माझं इंजान चाललं तरच खातं." वाक्य झकास होतं. फक्त इंजिनाचं खाणं येतं कुठून, हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

ते छप्पन्न साली कळलं. सुवेझचा कालवा बंद पडला आणि चाकणच्या डेपोत इंजिनाला लागणारं क्रूड तेल मिळेनासं झालं. "कालवा तिकडं अडला आन् पाट माझा सुकला, ह्यो कुठला न्याय?" असं कोंडीराम भेटेल त्याला विचारत सुटला. विहिरीत पाणी तुडुंब, वर इंजिन मुकं आणि मधे नुकताच लावलेला कांदा पिवळा पडत चाललेला. शेजारच्या विहिरीवर भावकीतला थोरला अर्जुनराव मुद्दाम मोठ्यानं गाणी म्हणत मोट हाकायचा. त्याच्याकडं बैल मागायचे म्हणजे आपलं नाक कापून त्याच्याच हातात द्यायचं.

"नाक गेलं तर जाऊ द्या, कांदा जाता कामा न्हाई," बायको तानाबाई म्हणाली.

"दोन्ही ऱ्हातील," कोंडीराम म्हणाला. इंजिन बसवणारा मिस्त्री बोलता बोलता म्हणून गेला होता, की हे शेंगदाण्याच्या तेलावरसुद्धा पळतं. आणि घरच्या शेंगांचं, घाण्यावरून काढून आणलेलं गोडं तेल डबाभर घरात होतं!

तानाबाई डब्याच्या आडवी उभी राहिली. "माणसाच्या तोंडातलं इंजानाच्या तोंडात घालता? आन् तात्यांच्या तेराव्याला काय घालायचं?"

ज्योतीरामतात्या म्हणजे भावकीतलं सगळ्यात जुनं खोड. त्याच आठवड्यात गेले. जाताना देवाचं नाव घ्यायचं सोडून म्हणाले, "माज्या तेराव्याला कांद्याची भजी करा. हात आखडू नका." सगळ्या भावकीनं मान डोलावली होती. घरटी तेल द्यायचंही ठरलं होतं.

"तेराव्याला अजून येळ हाय," कोंडीराम म्हणाला. "सुतकात कढई चढत न्हाई, म्हंजी तेल नुसतं बसूनच हाय का न्हाई? अगं, ह्ये आपल्या मातीतलं तेल. कुणाचा कालवा बंद पडला म्हणून भुईमूग बंद पडत न्हाई. आन् धूर बघ, त्या क्रूडानं विहिरीवरचा लिंब काळा केला, तुझी वाळत घातलेली लुगडी काळी केली. ह्याचा धूर पांढरा फेक!"

लुगड्यांचं नाव निघालं तशी तानाबाई नरमली. तरी तिनं मोजून तांब्याभरच तेल दिलं.

पिंपाच्या तळाशी उरलेलं क्रूड तोंडी लावण्यापुरतं घालून कोंडीरामानं हँडल मारलं. इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि चालू लागलं. मग हळूच त्यानं गोडं तेल सोडलं. एवढंसुद्धा अडखळलं नाही ते! पाट भरला, तानाबाई पदर खोचून वाफ्यांची दारं धरायला धावली आणि कोंडीराम लिंबाखाली एकटाच नाचला.

तेवढ्यात वारा गावाकडं फिरला.

भावकी अर्जुनरावाच्या पडवीत बसली होती. सुतकामुळं सगळे बिनफोडणीचं खाऊन तोंडाची चव गेलेले. वास आला तशी एकेक मान वर झाली.

"भजी," रंगराव म्हणाला.

"घाणा नुकता पडलाय," बन्सी डोळे मिटून म्हणाला.

"कोंडीरामाच्या विहिरीवरनं येतोय वास," अर्जुनराव उठला. "तात्या भज्यासाठी जीव टाकत गेला आन् ह्यो त्याच्या सुतकात भजी तळतोय. चला रे."

मंडळी विहिरीवर पोचायला आणि तांब्याभर तेल संपायला एकच गाठ पडली. इंजिनानं शेवटचा उसासा टाकला. वास होता, पुरावा नव्हता.

"कढई कुठं लपवलीस?" अर्जुनरावानं विचारलं.

"कढई न्हाई दादा. इंजानाचा वास हाय."

"इंजानानं भजी तळली म्हण की."

रंगराव विहिरीत वाकून कढई शोधू लागला. बन्सीनं थेट धुराड्याला नाक लावलं आणि भाजलेल्या नाकानं साक्ष दिली, "वास हितनंच येतोय राव." पण त्याचं कोण ऐकतो? अर्जुनरावानं निकाल दिला: तेराव्याच्या पंगतीत कोंडीरामाचं पान मांडायचं नाही.

भावकीच्या पंगतीतून उठवलेला माणूस गावात असून नसल्यासारखा. कोंडीराम म्हणाला, "चालवून दावतो. तेल द्या."

"तुजं तेल नगं. त्यात तू काय कालवलं असशील. माजं आणतो."

अर्जुनराव घरून किटली घेऊन आला. इंजिन अजून गरम होतंच. सुरू झालं आणि पाठोपाठ भज्यांचा वास रानभर पसरला. मग अर्जुनराव, आपलं तेल आहे म्हटल्यावर, कौतुकानं बघू लागला. "पळतंय मात्र झ्याक. घरच्या शेंगांचं हाय म्हणून."

हे रंगरावाला लागलं. "आमच्या शेंगा काय दगडाच्या हायत?"

कोंडीरामाची नजर पाटाकडं गेली. निम्मे वाफे अजून कोरडे होते. तो साळसूदपणे म्हणाला, "दादाच्या तेलाला आवाज जरा भरीव वाटतो. पण रंगरावांचं बघितल्याबिगर कसं सांगावं?"

झालं. रंगराव धावत गेला आणि चरवी घेऊन आला. बन्सीनं नाकाला हळद लावून करडईचं तेल आणलं. अर्जुनराव हरतो की काय म्हणून दुसरी किटली आणायला पळाला. कुणाच्या तेलावर इंजिन जास्त चालतं यावर दिवस मावळेपर्यंत वाद रंगला. कोंडीराम प्रत्येकाला म्हणायचा, "अंदाज येईना, आनकी वाईच घाला." तिकडं तानाबाई एकेक वाफा भरत होती, हसू लपवायला पदर तोंडात कोंबून.

कांदा वाचला. पंगतीतलं पानही वाचलं. कोंडीराम महिनाभराचं शहाणपण एका दिवसात आल्यासारखा गावातून फिरू लागला.

तेरावा उजाडला. तात्यांच्या बायकोनं, गोजाकाकूनं, कांदा चिरून, पीठ कालवून चुलीवर मोठी कढई चढवली आणि घरटी तेल मागितलं. अर्जुनराव रंगरावाकडं बघू लागला, रंगराव बन्सीकडं, बन्सी आपल्या नाकाकडं. तानाबाईनं आपला डबा आणला, पण अख्ख्या भावकीच्या भज्यांना तो कसा पुरावा? पहिल्या पंगतीतच तळ दिसला. आणि सगळ्यांनी मिळून कोंडीराम कुठं आहे ते विचारलं.

कोंडीराम चाकणला गेला होता. डेपोत क्रूड आल्याची खबर लागली होती. डोक्यावर काळा डबा घेऊन तो ऐटीत अंगणात शिरला, तेव्हा दुसऱ्या पंगतीची रिकामी पानं मांडलेली होती.

गोजाकाकूनं झारा कढईवर ठेवला. "आलास व्हय बाबा? तुजं इंजान आमच्या तेलावर चाललं न्हवं?" ती म्हणाली. "मग आमची कढईबी तुज्या तेलावर चालंल. वत."