संदर्भ क्रमांक सतरा

स्वल्पविरामासाठी माणसाचा किती छळ करावा, याला काही मर्यादा असावी असं माझं स्पष्ट मत आहे. (या मताला संदर्भ नाही. ते माझं स्वतःचं आहे.)

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. सुशिक्षित कुटुंबांतल्या घरकामाच्या विभागणीवर दोन वर्षं खपून मी एक शोधनिबंध लिहिला आणि एका नावाजलेल्या नियतकालिकाकडे पाठवला. तो स्वीकारलाही गेला. छापून आला की माझ्या बढतीची मुलाखत होणार होती, जी आधी दोनदा हुकली होती. पण मध्ये तांत्रिक संपादक नावाच्या एक बाई उभ्या होत्या. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, आणि आता पाहायची इच्छाही नाही.

पहिल्यांदा त्यांनी निबंध परत पाठवला तो लेखकांच्या आडनावापुढे स्वल्पविराम नाही म्हणून. मी एक्केचाळीस संदर्भांत एक्केचाळीस स्वल्पविराम घातले. दुसऱ्यांदा परत आला, कारण पुस्तकांची नावं तिरकी हवी होती आणि लेखांची सरळ. मी पुस्तकं तिरकी केली. तिसऱ्यांदा कळलं की पुस्तकांबरोबर त्यांच्यामागचे स्वल्पविरामही तिरके झालेत, ते सरळ करा. अहो, स्वल्पविराम मुळातच तिरका असतो. तो सरळ कसा करायचा, हे त्यांच्या चौऱ्याऐंशी पानी नियमावलीत कुठंही दिलेलं नाही. निबंधात मी काय म्हटलंय, याच्याशी मात्र बाईंना काडीचंही देणंघेणं नव्हतं.

चौथ्यांदा त्या सतरा क्रमांकाच्या संदर्भावर अडून बसल्या. वाक्य असं होतं: ‘सुशिक्षित कुटुंबात पती आता घरकामाचा निम्मा भार उचलतो.’ हे मी नक्की कुठंतरी वाचलं होतं. पुस्तक हिरवं होतं, डावं पान होतं, पानाच्या तळाशी होतं. पण बाईंना लेखक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक हवा. शेवटी नियमावलीच्या एकसष्टाव्या पानावर मला ‘व्यक्तिगत संभाषण’ असं एक कलम सापडलं. ज्यानं माहिती दिली त्याचं नाव लिहा, तारीख लिहा, झालं काम.

मी बायकोचं नाव लिहिलं.

हे काही खोटं नव्हतं. रविवारी ती चादरींच्या घड्या घालत होती तेव्हा मी तिला विचारलं होतं, घरातलं निम्मं काम मी करतो, नाही का? त्यावर ती ‘हं’ म्हणाली होती. संभाषण झालं होतं, ते व्यक्तिगत होतं, तारीखही माझ्या लक्षात होती.

मंगळवारी बाईंचा ईमेल आला. सदर व्यक्तीचं सहीचं संमतीपत्र शुक्रवारी दुपारी चारपर्यंत पाठवा, नाहीतर निबंध पुढच्या वर्षी. म्हणजे बढतीही पुढच्या वर्षी.

इथं एक सांगायला हवं. माझी बायको विमा कंपनीत दावे तपासते. गाडी झाडावर आपटली की झाड गाडीवर पडलं, हे ती फोटो बघून सांगते. मी चहाबरोबर कागद पुढं सरकवला, सहज, बिलावर घेतात तशी सही घ्यावी म्हणून. तिनं चष्मा लावला आणि अख्खा निबंध मागून घेऊन वाचला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“मी हे कधी म्हणाले?”

“रविवारी. तू ‘हं’ म्हणालीस.”

“ते चादरीचं टोक जुळलं म्हणून.”

समोर बसलेल्या आमच्या कन्येनं विचारलं, “बाबा, निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं?” (हिला संशोधनपद्धती कुणी शिकवली, देव जाणे.)

तपासल्याशिवाय सही करत नाही, असं बायकोनं शांतपणे सांगितलं. शुक्रवारपर्यंत निम्मं काम करून दाखवा, मग बघू. तिनं पाच मिनिटांत घरातल्या कामांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. एकूण त्रेपन्न कामं. (मला एक्केचाळीस संदर्भ जमवायला दोन वर्षं लागली होती.) त्यातली साडेसव्वीस माझ्या वाट्याला आली. अर्धं काम माझ्या ओल्या टॉवेलाचं होतं: पलंगावरून उचलणं माझ्याकडे, वाळत घालणं तिच्याकडे.

बुधवार कसाबसा पार पडला. गुरुवारी सकाळी कचरा गाडीवाल्याकडे द्यायचा होता आणि कपडे ड्रायक्लीनिंगला. दोन्ही काळ्या पिशव्यांत, दाराशी शेजारी शेजारी. जिना उतरत असतानाच बाईंचा पुढचा ईमेल आला: ‘व्यक्तिगत संभाषण’ हे शब्द तिरके नकोत. माझं टाळकंच फिरलं. मी चालता चालता त्यांना उत्तर लिहू लागलो, आणि ते इतकं बाणेदार उतरत होतं की एक पिशवी गाडीवाल्याला कधी दिली, दुसरी लाँड्रीत कधी दिली, मला कळलंही नाही. पावती घेतली, घरी आलो, तक्त्यावर दोन बरोबरच्या खुणा केल्या.

अकरा वाजता लाँड्रीवाल्यानं बायकोला ऑफिसात फोन केला. कांद्याची सालं ड्रायक्लीन करायची का, असं विचारलं म्हणे.

मी गाडीमागं धावलो. तिसऱ्या चौकात ती सापडली. पिशवीत बायकोचा लोकरीचा कोट वर होता, तो वाचला. माझा मुलाखतीचा एकुलता एक सूट खाली होता.

शुक्रवारी साडेतीनला बायको ऑफिसातून लवकर आली. मला वाटलं, दया आली. तिनं संमतीपत्र घेतलं, माझं विधान एका रेघेनं खोडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘पती घरकामाचा निम्मा भार उचलतो. त्याने उचललेले निस्तरणे हा उरलेला निम्मा भार.’ खाली सही, तारीख आणि वेळसुद्धा.

हे शास्त्र आहे, यात असं चालत नाही, वगैरे मी बरंच बोललो.

“चारला दहा कमी आहेत,” ती म्हणाली.

मी पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. इतक्या महिन्यांत बाईंनी पहिल्यांदाच आभार मानले होते. संदर्भ सतरा निर्दोष आहे, निबंधातलं मूळ वाक्य त्यानुसार बदललं आहे, असं त्यांनी कळवलं.

निबंध छापून आला. मुलाखतीला मी शेजाऱ्याच्या, चार बोटं आखूड सुटात गेलो. समितीच्या अध्यक्षांनी अंक उघडला, एक वाक्य मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

“प्राध्यापक, तुमच्या निबंधातलं एवढं एकच वाक्य मला शंभर टक्के पटलं,” ते म्हणाले. “आणि ते तुमचं नाही.”

बढती मिळाली, नाही असं नाही. ऑर्डर आली, ती कन्येनं कौतुकानं फ्रिजवर तक्त्याशेजारी लावली. संध्याकाळी पाणी घ्यायला गेलो तर माझ्या नावाखाली बायकोच्या अक्षरात बारीक लिहिलेलं होतं: ‘पाहा, संदर्भ १७.’

(स्वल्पविराम सरळ होता.)